अवघड जागेचे दुखणे

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याकडील माणसाला प्रथम गाणे आठवते. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या परंपरेतील ख्याल बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणला आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी तो दूरवर नेला. खुद्द ग्वाल्हेरात १९१४ साली पंडित कृष्णराव शंकर पंडित यांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले, तर १९१८ साली भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्याच शहराची दुसरी ओळख मैदानाची आहे. राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये जेथे धारातीर्थी पडली, त्या ग्वाल्हेरात उठावाच्या शताब्दीनिमित्त ऑगस्ट १९५७ मध्ये तिच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. १९९५ पासून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे आणि आज ते लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते.

गवई तासन्‌तास मांडी घालून बसतो. धावपटू रोज मैलोगणती धावतो. एक बसण्याची विद्या, दुसरी धावण्याची. परंतु शरीराच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही विद्यांचा भार एकाच जागी येतो. कठीण बाकावर बसले असता कुल्ल्यात जे हाड टोचते, ती ही जागा. गवयाचे निम्मेअधिक वजन या हाडावर असते आणि धावपटूचे प्रत्येक पाऊल या हाडाला चिकटलेली दोरी ताणते. या जागेचे आणि तिच्या शेजारच्या खुब्याचे जुनाट दुखणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण ज्याला ते दुखते त्याला हसू येत नाही. सूज नाही, जखम नाही, एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. ‘मला बसवत नाही’ असे एखाद्या मुलीने वर्गात सांगितले तर तिची चेष्टाच व्हायची. तीन तासांची परीक्षा बाकावर बसून कशी द्यायची, या चिंतेने अभ्यास सुचत नाही. घरी आईला रात्री कुशीवर वळता येत नाही. ती म्हणते, ‘वयच झालं आता’, आणि गप्प राहते. असे महिने जातात, कधी वर्षेही. म्हणून या दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलणे ही उपचाराची पहिली पायरी मानली पाहिजे.

स्नायू हाडाला ज्या चिवट पांढऱ्या दोरीने जोडलेला असतो तिला कंडरा म्हणतात. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू एकमेकांशेजारी बसून ही दोरी बनते. आपल्या विषयाशी संबंध येतो तो दोन ठिकाणच्या कंडरांचा. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा बैठकीच्या हाडाला चिकटतात. त्या दुखावल्या म्हणजे बसताना, पुढे वाकताना आणि वेगाने धावताना कुल्ल्याच्या तळाशी ठणका लागतो. कुल्ल्यातील खोलच्या स्नायूंच्या कंडरा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटतात. एका पायावर उभे राहिल्यावर कमरेचा तोल सांभाळणे हे त्यांचे काम. त्या बिघडल्या म्हणजे जिना चढताना, उभ्याने साडी किंवा पँट नेसताना आणि रात्री त्या कुशीवर झोपल्यावर खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखते. पहिला प्रकार धावपटूंत आणि सतत बसणाऱ्यांत आढळतो. दुसरा चाळिशी उलटलेल्या स्त्रियांत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, अधिक दिसतो.

कंडरा बिघडते कशी? विहिरीवरचा दोर आठवा. तो सरळ ताणला तर सहसा तुटत नाही. पण दगडी काठाच्या कडेवर दाबला जाऊन रोज घासला तर तेवढ्याच जागी झिजतो. कंडरेचेही तसेच आहे. नुसत्या ताणापेक्षा ताण आणि दाब एकत्र आले म्हणजे ती लवकर बिघडते. पुढे वाकले किंवा खोल बसले की मागची कंडरा बैठकीच्या हाडावर दाबली जाते. एका पायावर कंबर टाकून उभे राहिले किंवा खुर्चीत पायावर पाय टाकून बसले की बाजूची कंडरा उंचवट्यावर दाबली जाते. त्यातच सवय नसताना कामाचे प्रमाण एकाएकी वाढले, म्हणजे सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात जोरात धावणे किंवा घर बदलताना दिवसभर वाकून सामान उचलणे, तर दुखण्याला निमित्त मिळते.

पूर्वी अशा दुखण्याला कंडरेचा दाह समजत आणि विश्रांती व दाहशामक गोळ्या हा त्यावरील सरधोपट उपाय असे. १९७६ साली इटलीतील पुद्दू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेच्या कंडरेचा अभ्यास करून दाखविले की जुनाट दुखण्यात दाहापेक्षा तंतूंची घडी विस्कटणे हा मुख्य बिघाड असतो. पुढे खुब्याच्या बाबतीतही हेच आढळले. तेथील द्रवाच्या पिशवीला आलेली सूज हे ज्याचे कारण मानले जाई, त्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा कंडरेत असते.

ही घडी पुन्हा बसायला इतका वेळ का लागतो, याचे उत्तर एका विलक्षण शोधात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर तो हळूहळू घटला. त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात तो अन्नावाटे शिरला. २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी टाचेच्या कंडरेतील हा कार्बन मोजला, तेव्हा कंडरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ तसाच राहतो असे दिसले. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. कंडरेला महिने लागतात. म्हणून पंधरा दिवसांत गुण आला नाही तर नशिबाला बोल लावू नये.

मग उपाय कोणता? येथे माणसे दोन टोकांना जातात. काहीजण पूर्ण विश्रांती घेतात. काम नसलेली कंडरा आणि तिचा स्नायू अधिक दुबळे होतात, आणि पुन्हा चालू लागताच दुखणे परत येते. दुसरे ‘अंग मोकळे करायला’ जोरजोरात ताण देतात, पायाचे अंगठे धरून वाकतात. त्याने कंडरा हाडावर आणखी दाबली जाते. खरा मार्ग मधला आहे, आणि तो म्हणजे मोजका, नियमित आणि हळूहळू वाढविलेला भार.

याला चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात खुब्याच्या बाहेरच्या कंडरेचे दुखणे असलेल्या २०४ जणांचे तीन गट करण्यात आले. त्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला दुखण्याची समजूत देऊन व्यायाम शिकविला, दुसऱ्याला स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दिले, तिसऱ्याला केवळ वाट पाहण्यास सांगितले. आठ आठवड्यांनी ‘बरेच बरे वाटते’ असे म्हणणारे पहिल्या गटात शेकडा ७७, दुसऱ्यात ५८ आणि तिसऱ्यात २९ होते. पहिल्या गटाला मिळालेल्या दोन गोष्टींत ‘समजूत’ ही एक होती, हे ध्यानात घ्यावे.

व्यायाम शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. आरंभी उताणे निजून गुडघे उभे करावेत, कंबर जमिनीपासून उचलून तीस-चाळीस सेकंद स्थिर धरावी आणि असे चार-पाच वेळा करावे. ते सोपे झाले की तीच कंबर सावकाश वर-खाली न्यावी, मग एका पायावर. पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पायरी चढणे, आणि शेवटी हातात वजन घेऊन कमरेतून थोडे वाकणे. जोराचा व्यायाम एक दिवसाआड करावा. तीन ते सहा महिने हा क्रम चालला पाहिजे. धावणे आणि उड्या यांची पाळी सर्वांत शेवटी येते.

दैनंदिन सवयींतही थोडा बदल हवा. मागच्या कंडरेचे दुखणे असेल तर अर्ध्या तासाने उठून उभे राहावे, बाकावर जाड उशी घ्यावी, वाकून झाडण्याऐवजी लांब दांड्याचा झाडू वापरावा, मांडी घालणे काही काळ कमी करावे. बाजूचे दुखणे असेल तर दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहावे, पायावर पाय टाकू नये, आणि कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. ही बंधने जन्मभराची नाहीत. कंडरा बळकट झाली की मांडीही घालता येते आणि गाण्याची बैठकही होते.

आता मनाकडे वळू. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली असे मांडले की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील एका ‘दारा’तून जातो आणि ते दार कमीजास्त उघडण्यात मेंदूचाही हात असतो. भीती, जागरण आणि निराशा यांनी वेदना वाढते, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. दुखणे तीन महिन्यांहून जुने झाले की मज्जासंस्था जास्त हळवी होते. तेव्हा दुखले म्हणजे काहीतरी तुटले, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरते. वेदना खोटी नसते. पण ती इजेचे अचूक माप नसते. हा फरक एकदा मनात ठसला की निम्मी भीती ओसरते.

भीतीला दुसरा उतारा म्हणजे मोजमाप. ग्वाल्हेरातील एखाद्या गृहिणीला गुजरी महालाच्या बाजूने पायी किल्ल्यावर जायचे आहे, असे समजू. तो चढ खडा आहे. बरे वाटले त्या दिवशी ती तडक वर गेली तर पुढचे चार दिवस अंथरुणात जातील, आणि ‘आपल्याच्याने हे व्हायचे नाही’ ही समजूत पक्की होईल. त्याऐवजी तिने प्रथम आठवडाभर सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालावे, मग पंधरा, मग घरचा जिना, मग चढाचा पहिला टप्पा. प्रत्येक वेळी वहीत दोन आकडे लिहावेत, चालताना किती दुखले आणि दुसऱ्या सकाळी किती. शून्य ते दहा या मोजणीत तीनपर्यंतचे दुखणे चालेल. दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आले असेल तर तेवढाच भार ठेवावा किंवा थोडा वाढवावा. वाढले असेल तर एक पायरी मागे यावे. चांगल्या दिवशी हावरेपणा नको आणि वाईट दिवशी सर्व बंदही नको.

तरीही मन खचते. ज्याची ओळखच मैदानावरची आहे, त्याला खेळ थांबला की आपण कोणीच उरलो नाही असे वाटते. अशा वेळी संघापासून दूर राहू नये. गुण लिहिणे, नवख्यांना शिकविणे अशी कामे घ्यावीत. झोपेची वेळ सांभाळावी. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश श्वास घेत पडून राहिल्याने आवळलेले स्नायू सैल पडतात. एका तरी विश्वासाच्या माणसाला खरे काय होते ते सांगावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. आणि प्राध्यापकांनी वर्गात मागे उभे राहून ऐकण्याची परवानगी दिली, तर त्या विद्यार्थ्यावर फार मोठे उपकार होतील.

कुल्ल्याचे प्रत्येक दुखणे कंडरेचेच असते असे मात्र नाही. पायात मुंग्या येत असतील किंवा जोर कमी झाला असेल, ताप किंवा वजनात घट असेल, पडल्यानंतर दुखू लागले असेल, किंवा तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडून हालचालीने मोकळी होत असेल, तर तपासणी लांबवू नये. जांघेत दुखत असेल तर खुब्याचा सांधा तपासावा. बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील प्रतिजैविकांनी कंडरेला अपाय होऊ शकतो. ती घेत असताना दुखू लागल्यास डॉक्टरांना कळवावे.

ग्वाल्हेर गायकीचा विद्यार्थी बसलेला गळा ओरडून सुधारत नाही, आणि वर्षभर गप्प बसूनही सुधारत नाही. तो खालच्या स्वरात, विलंबित लयीत, रोज थोडा रियाज करतो. मैदानावरचा जाणता शिक्षकही भार पायरीपायरीनेच वाढवतो. दुखऱ्या कंडरेलाही तोच शिष्टाचार मानवतो. ज्याला हे दुखणे जडले आहे त्याने आजपासून एक वही करावी, आणि ज्याच्या शेजारच्या बाकावर असा विद्यार्थी बसतो त्याने आपली उशी त्याला द्यावी.