पोकळ कॅथोड: विद्युत-इंजिनातील प्लाझ्माचे उगमस्थान

कोल्हापुरातील शाहूपुरीच्या दुकानांतील ट्यूबलाइटमध्ये, किंवा तेथून जवळच्या शिवाजी उद्यमनगरात ‘आर्गॉन वेल्डिंग’ चालू असताना टंगस्टनच्या टोकाशी पेटणाऱ्या झगझगीत ज्योतीत, जो विद्युत्वाहक बनलेला वायू असतो त्यालाच पदार्थविज्ञानात प्लाझ्मा म्हणतात. त्यातील काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेले असतात आणि मागे धनभारित आयन उरलेले असतात. उपग्रहांची विद्युत-इंजिने याच अवस्थेवर चालतात. इस्रोने 2010 साली जीसॅट-4 वर ती बसवली होती, परंतु प्रक्षेपणच अयशस्वी ठरले. पुढे 5 मे 2017 रोजी सुटलेल्या जीसॅट-9 वर झेनॉन वायूवर चालणारी विद्युत-प्रणाली कक्षेत पोहोचली.

यांपैकी ‘हॉल थ्रस्टर’ या प्रकारात चिनी मातीसारख्या टणक, उष्णतारोधक पदार्थाची कंकणाकृती खाच असते. तिच्यात आडवे चुंबकीय क्षेत्र असल्यामुळे हलके इलेक्ट्रॉन अडकून गोल फिरत राहतात आणि आत सोडलेल्या झेनॉनच्या अणूंवर आदळून त्यांचे आयन करतात. आयन मात्र जड असल्याने त्या क्षेत्राला फारसे न जुमानता सुमारे 300 व्होल्टच्या दाबाने सेकंदाला वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर फेकले जातात. रासायनिक इंधनाच्या झोतापेक्षा हा वेग कितीतरी पट अधिक असल्यामुळे तेवढ्याच कामाला वायू फार थोडा लागतो.

हे इलेक्ट्रॉन पुरवतो तो खाचेशेजारचा पोकळ कॅथोड. बोटभर लांबीच्या त्या नळीत लँथॅनम हेक्साबोराइडचे अस्तर असते आणि ते 1,600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. त्यांतील काही खाचेत शिरून आयन निर्माण करतात, तर उरलेले बाहेर पडणाऱ्या झोतात मिसळून त्याचा धनभार फेडतात, कारण तसे न झाल्यास उपग्रह ऋणभारित होऊन सुटलेल्या आयनांनाच मागे खेचू लागेल. एकदा पेटलेला कॅथोड नळीतील प्लाझ्माच्या माऱ्यानेच तप्त राहतो, म्हणून खरी अडचण पहिल्या पेटवणीची, म्हणजे नळी आधी तापवणाऱ्या तारेची, आहे. वेल्डिंगचा टंगस्टन रॉडही कॅथोडच असतो, पण तो झिजला की कारागीर त्याला ग्राइंडरवर धार लावतो. 36,000 किलोमीटरवरच्या नळीची तापकतार तुटली तर ती कोण बदलणार? म्हणूनच तापकतारेविना, केवळ उच्च दाबाच्या विजेने वायू पेटवणारा कॅथोड हा या क्षेत्रातील मोलाचा प्रयत्न म्हटला पाहिजे. बंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने असा कॅथोड 1 जानेवारी 2024 रोजी सुटलेल्या पीएसएलव्ही-सी58 या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-3 या कक्षेत फिरणाऱ्या मंचावर, चाचणीसाठी पाठवला. जपानच्या हायाबुसा यानाने तर सूक्ष्मलहरींनी प्लाझ्मा निर्माण करून तप्त कॅथोडच टाळला.

मार्च 2025 मध्ये इस्रोने 300 मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची 1,000 तासांची आयुर्मान-चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. हा जोर पृथ्वीवरील सुमारे 30 ग्रॅम वजनाएवढा असून त्यासाठी 5.4 किलोवॅट वीज लागते. अंतराळासारखी स्थिती निर्माण करणाऱ्या निर्वात कक्षात ही चाचणी चालू असताना अधूनमधून पाहिले जात होते ते इलेक्ट्रोडांची अस्तरे किती झिजली आहेत, हे.