जेजूची शेवटची गाडी

तीस वर्षं यवतमाळला एसटीत कंडक्टरकी केली. घाटंजी, पांढरकवडा, वणी, पुसद, माहूर. अधूनमधून मुक्कामी गाडी. नव्या गावात उतरल्यावर लोक देऊळ कुठं, हॉटेल कुठं विचारतात. माझी नजर आधी जाते स्टँडवरच्या वेळापत्रकावर, त्यातही शेवटच्या ओळीवर. शेवटची गाडी किती वाजता, हे कळल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

मुलगा कोरियात सुवोनला नोकरीला आहे. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी उरकून, आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो. इकडं कापसाची वेचणी जोरात होती, तिकडं थंडी सुरू झाली होती. त्याला सुट्टी मोजकीच, म्हणून ठरलं की जेजू बेटावर चार दिवस आम्ही दोघांनीच जायचं. तो म्हणाला, "बाबा, जेजूत गाडी भाड्यानं घ्यावी लागते. सगळे घेतात. नाहीतर टॅक्सी करून देतो." टॅक्सीवाल्यानं दिवसाचे दीड लाख वॉन सांगितले. हजार वॉनचे आपले साधारण साठ रुपये होतात, म्हणजे नऊ हजार. मी विचारलं, "तिथं बस नाही का?" म्हणाला, "आहे, पण वेळ फार जातो." निवृत्त माणसाला वेळेची भीती कसली घालतो!

जेजू म्हणजे कोरियाच्या दक्षिणेला समुद्रात ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. पूर्व-पश्चिम सुमारे ७३ किलोमीटर लांब, मधोमध हल्लासन हा १,९४७ मीटरचा डोंगर. आपलं कळसूबाई १,६४६. सगळं बेट साडेअठराशे चौरस किलोमीटरचं, आपल्या जिल्ह्यात अशी सात मावतील. त्या एवढ्याशा जागेत वर्षाला सव्वा कोटीवर पर्यटक येतात. नवी लग्नं झालेली पोरं, शाळांच्या सहली, म्हाताऱ्यांचे जथे, सगळ्यांचं ते माथेरान-महाबळेश्वर. आणि बेटावर रेल्वे नाही. आमची शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून यवतमाळला येईनाशी झाली तेव्हापासून शहरात गाडीची शिट्टी नाही, त्यामुळं रेल्वेविना गाव कसं चालतं ते मला शिकवायला नको. ते बसवर चालतं.

खर्चाचं आधी सांगतो. पैसा बेटावर जात नाही, बेटापर्यंत पोचण्यात जातो. यवतमाळ ते नागपूर एसटी, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून सोल. आमच्या वहीतला सगळ्यात जाड आकडा तोच. सोलमध्ये विमानतळ दोन. बाहेरदेशाची विमानं बहुतेक इंचॉनला उतरतात आणि जेजूची सुटतात गिम्पोहून. मधे विमानतळाची रेल्वे आहे. हे ठाऊक नसेल तर माणूस इंचॉनलाच जेजूचं विमान शोधत बसतो. गिम्पो ते जेजू हा जगातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानमार्गांपैकी एक. तासाभराची उडी, आणि गर्दीच्या वेळी दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान. अकोला-अमरावती गाड्यासुद्धा इतक्या दाट सुटत नाहीत. आम्ही मंगळवारचं तिकीट काढलं, माणशी तीस हजार वॉनच्या आत पडलं. शुक्रवारी संध्याकाळी तीच खुर्ची दुप्पट-तिप्पट. चुसॉक आणि सोलाल हे त्यांचे मोठे सण. तेव्हा आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत तर नावच काढू नये.

कागदाचं एक. परदेशातून थेट जेजूला उतरणाऱ्या भारतीयाला व्हिसाशिवाय तीस दिवस बेटावर राहता येतं. पण मग बेट सोडून सोलकडं जाता येत नाही. आम्हाला मुलाकडं जायचंच होतं, म्हणून व्हिसा काढला होता. नियम बदलत असतात, तिकिटाचे पैसे भरण्याआधी वकिलातीत विचारावं.

मुक्काम कुठं करायचा यावर आमच्या घरात वाद झाला. मुलाला समुद्र दिसणारी खोली हवी होती. मी म्हटलं, स्टँडजवळ बघ. त्यानं कपाळावर हात मारला, पण पाहिली. जेजू शहराच्या बस टर्मिनलपासून पाच मिनिटांवर, पन्नास हजार वॉन रोज, खाली गरम होणारी जमीन आणि तिच्यावर अंथरूण. बायकोला पलंगापेक्षा तेच आवडलं. माझा आग्रह उगाच नव्हता. २०१ नंबरची गाडी पूर्वेच्या किनाऱ्यानं, २०२ पश्चिमेच्या किनाऱ्यानं दक्षिणेकडच्या सोग्विपोला जाते, २८१ डोंगराच्या खांद्यावरून आरपार. तिन्ही या टर्मिनलवरून सुटतात. बेटाला घातलेल्या या तीन दोऱ्यांची गाठ जिथं, तिथंच झोपायचं. समुद्र काय, तासाभरात कुठूनही दिसतो.

आता तिकीट. गाड्यांना रंग आहेत: लाल म्हणजे जलद, निळ्या मुख्य रस्त्यांवरच्या, हिरव्या गावागावांत फिरणाऱ्या. निळ्या-हिरव्याला कुठूनही कुठंही ११५० वॉन, रोखीनं दिले तर १२००. म्हणजे आपले सत्तर रुपये. लाल गाडीचं भाडं वेगळं, जास्त. आयुष्यभर मी सहा किलोमीटरचा टप्पा मोजत तिकिटं फाडली. पंचाहत्तर किलोमीटरला आणि दोन किलोमीटरला एकच भाडं, हे पचायला मला अर्धा दिवस लागला. बायकोनं मात्र पहिल्याच गाडीत विचारलं, "इकडं बायांना अर्धं तिकीट नाही काय?" आपल्याकडं मार्च २०२३ पासून तिला सवय झालेली.

टी-मनी नावाचं कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. त्यात रोख पैसे भरायचे, चढताना यंत्राला दाखवायचं आणि उतरताना पुन्हा दाखवायचं. हे उतरतानाचं विसरू नका. उतरून चाळीस मिनिटांच्या आत दुसरी गाडी पकडली तर तिचे पैसे लागत नाहीत. अशा दोन बदल्या फुकट. सगळी मेख या बदलीत आहे. तीन दिवस आम्ही रोज पाच-सहा गाड्या बदलल्या, कापले गेले रोज तीन भाड्यांचेच. तीन दिवसांचे माणशी १०,३५० वॉन, सव्वासहाशे रुपये. टॅक्सीत तेवढ्यात विमानतळाबाहेर पडून थोडं पुढं गेलो असतो.

बसमध्ये कंडक्टर नाही. ड्रायव्हर एकटा. मी पुढच्या बाकावर बसून त्याचं काम पाहत होतो; म्हातारी बाई चढली की ती बसेपर्यंत गाडी हलत नव्हती, हे मला आवडलं. मुलगा नंतर म्हणाला, पूर्वी कोरियाच्या बसमध्येही कंडक्टर असत, बहुतेक गरीब घरच्या पोरी. ऐंशीच्या दशकात ते काम संपलं. त्या पोरी आता माझ्याच वयाच्या असतील.

थांब्यावर पाटी असते, पुढची गाडी किती मिनिटांत येते ते सांगते. आणि खरंच तितक्या मिनिटांत येते. मोबाइलवर आपला नेहमीचा गूगलचा नकाशा तिथं नीट रस्ता दाखवत नाही. नेव्हर किंवा काकाओचा नकाशा घ्यावा लागतो. थांब्याची नावं कोरियनमध्ये वाचता येत नाहीत, म्हणून मी गाडीचा नंबर आणि थांब्यांची संख्या वहीत लिहून घ्यायचो. एक, दोन, तीन करत बोटं मोडायची, अकराव्याला उतरायचं. वेबिल लिहिणाऱ्याला अवघड नाही.

पहिल्या दिवशी २०१ नं सोंगसानला, पावणेदोन तास. तिथं इल्चुलबोंग नावाचा १८२ मीटरचा डोंगर थेट समुद्रात उभा आहे, माथ्यावर खोल वाटीसारखा. पाच हजार वॉन आणि पायऱ्या. हिचे गुडघे दुखतात, तरी ती माझ्याआधी वर. मी मधेच थांबून दम खात होतो तर वरून म्हणते, "काहून बसले, गाडी चुकते न!" खाली खडकावर हेन्यो बाया. या दम रोखून समुद्राच्या तळाशी बुडी मारतात, शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढतात. नळकांडी-बिळकांडी काही नाही. आता बहुतेक साठ-सत्तरीच्या पुढच्या. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला जुंगमुनजवळ जुसांगजोल्ली. इथं मी अडकलो. समुद्राच्या कडेला काळ्या दगडाचे खांब, सहा कोनांचे, एकाला एक चिकटून उभे, जणू कुणी गुनियानं आखून तासले. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि वरून खाली असा तडकतो, त्यातून हे खांब. खाली लाट आपटते आणि पाणी खांबांच्या फटीतून वर चढतं. मी बघत राहिलो, कारण हाच दगड आमच्याकडं आहे. झरी-जामणी भागात शिबला-पार्डीजवळ २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात असेच बेसॉल्टचे खांब उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी ते ओळखले. आमचे सहा कोटी वर्षांच्या पुढचे. जेजू अख्खं बेटच वीस लाख वर्षांच्या आतलं. त्यांच्या खांबांना लाकडी कठडा, दोन हजार वॉन तिकीट, बाहेर संत्र्यांची दुकानं. आमचे पणजोबा त्या भागात मातीखाली पडून होते आणि मी त्यांच्या डोक्यावरून पांढरकवडा-वणीचे प्रवासी नेत होतो.

फुकटात काय, तर चालणं. ओल्ले म्हणजे रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतची बोळ. सो म्योंग-सुक या पत्रकार बाईंनी नोकरी सोडून आपल्या या बेटावर पायवाटा आखल्या; २००७ ला पहिली सुरू झाली, आता २७ वाटा मिळून ४३७ किलोमीटर. झाडांना निळ्या आणि केशरी फिती बांधलेल्या, त्या धरून चालायचं. निळी समुद्राची, केशरी संत्र्याची. सोग्विपोजवळच्या सातव्या वाटेचा तुकडा आम्ही चाललो. संत्र्याच्या बागा, भोवती काळ्या दगडांचे गडगे, चुना-सिमेंट काही नाही, फटींतून वारा जाऊ देणारे. वाटेत संत्री घेतली. नागपुरी संत्र्याचा आंबटपणा त्यांच्यात नाही, एवढंच सांगतो; हिनं तर "गोडच गोड" म्हणून नाक मुरडलं. जेवायला मात्र शाकाहाऱ्यानं हुशार राहावं. आम्ही चिवडा, लोणचं आणि भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी नेली होती. दुकानात शिजवलेल्या भाताची डबी मिळते, तिथंच गरम करून देतात. सहा जेवणं त्यावर निघाली.

तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. बेटावर ओरूम नावाच्या साडेतीनशेवर लहान टेकड्या आहेत, ज्वालामुखीचीच पोरं. नोव्हेंबरात त्यांच्यावर चंदेरी गवत डोलतं. आतल्या भागातल्या एका टेकडीवर हिरव्या गाडीनं गेलो. उतरताना कार्ड दाखवायचं मीच विसरलो. वर गवतात ही फोटो काढत बसली, मीही बसलो. खाली आलो तर गाडी सहा मिनिटांपूर्वी गेलेली आणि पुढची सव्वा तासानं. किनाऱ्यावर गाड्या भरभर येतात, आत तासा-तासाला एक. हे वेळापत्रकात होतं. मी किनाऱ्याच्या हिशोबानं वागलो. साडेपाचला अंधार पडला, वारा असा की टोपी धरून ठेवावी लागे. थांब्याच्या टपरीत बसून ती म्हणाली, "लोकायले तीस वर्षं सांगत होते न, पाच मिनिटं आधी या म्हणून?" मी काही बोललो नाही. पुढची गाडी आली, तीच शेवटून दुसरी होती. कार्डाचे पैसे पुन्हा पूर्ण कापले गेले, ते वेगळंच.

परतीला विमान नको म्हटलं. दुपारच्या बोटीनं मोक्पोला, साडेचार-पाच तास, तिथून सोलला रेल्वे. पैसे विमानाइतकेच पडतात, म्हणून घाईच्या माणसानं या फंदात पडू नये. पासपोर्ट चढताना पुन्हा तपासतात. २०१४ च्या एप्रिलात इंचॉनहून जेजूला निघालेली सेवोल बोट बुडाली, ३०४ माणसं गेली, बहुतेक शाळेची पोरं. म्हणून तपासणाऱ्या पोरीनं माझा पासपोर्ट दोनदा पाहिला, तरी मला राग आला नाही.

स्वस्तातलं तिकीट म्हणजे खुर्ची नाही, एक मोठी खोली. बूट दाराशी, जमीन उबदार, सगळे आडवे. आषाढीला स्टँडवर वारकरी झोपतात तसे. शेजारच्या आजींनी संत्री सोलून दिली, हिनं चिवडा दिला. आजीनं एक शेंगदाणा उचलून बराच वेळ चावला आणि मग मूठभर घेतला. मी पिशवी उशाला घेऊन पडलो. बोटीचा भोंगा वाजला तेव्हा झोप लागत आलेली होती. ही सांगते, मी हात वर करून दोरी ओढली. दोनदा.