कुंभकोणमचे आकाश आणि भूस्थिर उपग्रह

कावेरी व अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या आणि एकेकाळी तंजावरच्या भोसले राज्यात मोडणाऱ्या कुंभकोणमच्या परिसरात सांबा हंगामातील भात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात वाढते, आणि हेच दिवस बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचेही असतात. भर समुद्रात पर्जन्यमापक क्वचितच असतात आणि किनाऱ्यावरील रडारचा पल्ला काही शे किलोमीटरच असतो. त्यामुळे दूरवर आकार घेणाऱ्या वादळाचा अखंड मागोवा भूस्थिर उपग्रहच घेऊ शकतात.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रहाची प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात पूर्ण होते, म्हणून तो जमिनीवरून एकाच जागी स्थिर भासतो. ८ सप्टेंबर २०१६ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर, तर १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस ८२ अंशांवर नेमलेला असून, कुंभकोणमचा रेखांश या दोहोंच्या मधला, सुमारे ७९ अंश आहे.

या उपग्रहांवरील ‘इमेजर’ हे उपकरण सहा तरंगपट्ट्यांत पृथ्वीकडून येणारे प्रारण मोजते. दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यात ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश एक किलोमीटर इतक्या बारकाईने टिपला जातो, मात्र हा पट्टा दिवसाच उपयोगी पडतो. औष्णिक अवरक्त पट्ट्यांत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णताप्रारणाच्या पट्ट्यांत, ढगाच्या माथ्याचे तापमान अंधारातही कळते. उंचीबरोबर हवा थंड होत असल्याने माथा जितका थंड, तितका ढग उंच, असा त्याचा अर्थ लावतात. बाष्पाच्या पट्ट्यातून वातावरणाच्या मधल्या व वरच्या थरांतील आर्द्रता समजते, तर लागोपाठच्या प्रतिमांतील ढगांच्या सरकण्यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग काढता येतो. ‘साउंडर’ हे दुसरे उपकरण एकोणीस पट्ट्यांतील मोजमापांवरून निरनिराळ्या उंचीवरील तापमान व आर्द्रता यांचा अंदाज देते.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी मध्यरात्रीनंतर नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनारा ओलांडणाऱ्या ‘गज’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील नारळबागा उद्ध्वस्त केल्या. अशा रात्रीच्या वादळावर अवकाशातून नजर ठेवताना दृश्य प्रकाशाची प्रतिमा निरुपयोगी ठरते आणि सारी भिस्त अवरक्त प्रतिमांवर राहते.

तथापि उपग्रह पाऊस प्रत्यक्ष मोजत नाही, प्रारण मोजतो. अवरक्त प्रतिमेत शुभ्र दिसणारा उंच, विरळ ढग कोरडा असू शकतो, तर करडा दिसणारा सखल ढग शेत भिजवून जाऊ शकतो. म्हणूनच उपग्रहाच्या प्रतिमेइतकेच किनाऱ्यावरचे रडार आणि गावोगावचे पर्जन्यमापक महत्त्वाचे असून, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याला भरवशाचा अंदाज हवा असेल, तर या तिन्ही व्यवस्था सारख्याच निष्ठेने जोपासल्या पाहिजेत.