मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी: आधी कागदपत्रं बघा

लातूर-नांदेडकडे डी.एड., बी.एड. करून लग्नानंतर घरीच राहिलेल्या कितीतरी जणी आहेत. मुलं हाताशी आली की नोकरीचा विचार येतो. पण आता उशीर झाला, असं वाटतं. तो झालेलाच असतो असं नाही.

शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र पूर्वी ७ वर्षंच चालायचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ते कायमचं ग्राह्य धरलं, तेही २०११ पासून मागे जाऊन. म्हणजे कपाटातलं जुनं प्रमाणपत्र बाद झालेलं नाही. राज्याच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. शिवाय महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. अंगणवाडी सेविकेसाठी मात्र वय ३५ च्या आत लागतं, विधवांना ४० पर्यंत सवलत मिळते.

खरं घोडं अडतं ते नावापाशी. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जाहिरात निघण्याआधीच करून ठेवा. पदवी अर्धवट असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर सांभाळत शिकता येतं. मुलाखतीत मधली वर्षं लपवू नका. मुलं वाढवली, हे ताठ मानेनं सांगा.