जनावराचं तोंड: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसू लागतात. तोडणी कामगारांच्या कोप्यांजवळ बैल बांधलेले असतात, कुत्री वावरत असतात आणि उसात बिबट्या असल्याची चर्चाही अधूनमधून कानावर येते. यांपैकी कुणालाही दातांचं दुखणं होऊ शकतं. त्याविषयीच्या गैरसमजांचा त्रास आधी जनावराला होतो, आणि कधी कधी तो माणसाच्या जिवावरही बेततो.

गैरसमज: जनावर खातंय, म्हणजे दात ठीक आहेत.
वस्तुस्थिती: भूक दुखण्यावर मात करते. हिरड्या सडलेला कुत्राही भाकरी खातो, फक्त एकाच बाजूने चावतो किंवा न चावताच गिळतो. बैल अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून टाकतो, रवंथ कमी करतो आणि खंगत जातो. तोंडाची दुर्गंधी, एका बाजूची लाळ, डोळ्याखाली किंवा जबड्यावर सूज ही लक्षणं दिसली की तपासणी हवीच.

गैरसमज: बैलाचे वरचे पुढचे दात पडले, म्हणजे तो म्हातारा झाला.
वस्तुस्थिती: गाई-बैलांना वरचे पुढचे दात नसतातच. तिथे कडक हिरडीची गादी असते आणि खालचे 8 दात तिच्यावर टेकतात. दाढा धरून पूर्ण वाढलेल्या बैलाला 32 दात असतात. वय बघतात ते या खालच्या दातांवरून. आदत खोंडाचे दुधाचे दात पडून साधारण दोन वर्षांच्या सुमारास तो दोनदाती होतो, मग चारदाती, सहादाती आणि चार-पाच वर्षांपर्यंत आठही दात येऊन जुळतो. त्यानंतर दातांच्या झिजेवरून बांधलेलं वय हा अंदाजच असतो, कारण वाढे, कडबा किंवा मातकट चारा यांनी दात वेगवेगळे झिजतात.

गैरसमज: गालातले काटे वाढले की बैल खात नाही, ते कापावेत.
वस्तुस्थिती: गालाच्या आतले टोकदार उंचवटे निसर्गानेच दिलेले आहेत. चारा तोंडाबाहेर पडू न देता आत सरकवायला ते मदत करतात. ते कापले किंवा मीठ लावून घासले, तर जखम होते आणि खाणं आणखी कमी होतं. मूळ आजार मात्र तसाच राहतो.

गैरसमज: लाळ गळतेय म्हणजे घशात काही अडकलंय, हात घालून बघावं.
वस्तुस्थिती: यात जीव जाऊ शकतो. लाळ लाळ्या-खुरकुताची असू शकते, तशीच रेबीजचीही असू शकते. रेबीज झालेल्या गाई-बैलाला गिळता येत नाही, आवाज बदलतो, आणि बघणाऱ्याला घशात काही अडकल्यासारखंच वाटतं. हाताला ओरखडा असेल तर लाळेतूनही विषाणू शिरतो. हात घालू नका. लाळ लागलीच, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लशीबद्दल विचारा.

गैरसमज: हाडं चघळून कुत्र्याचे दात साफ राहतात.
वस्तुस्थिती: कुत्र्याला 42 कायमचे दात असतात. कडक हाडाने वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो, आतली नस उघडी पडते आणि मुळाशी पू होतो. अशा दाताला रूट कॅनाल करावं लागतं किंवा तो काढावा लागतो. जागेपणी वरवर खरवडलेलं किटण हा उपचार नव्हे. खरा आजार हिरडीखाली असतो. तिथली सफाई भूल देऊन आणि श्वासनलिकेत नळी घालूनच करतात, म्हणजे पाणी फुप्फुसात जात नाही. माणसांची टूथपेस्टही कुत्र्याला वापरू नये. तिच्यात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असेल तर ते त्याला विषारी ठरतं.

गैरसमज: सुळा तुटलेला बिबट्या नरभक्षक होतोच.
वस्तुस्थिती: 1907 मध्ये शिकारी जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवे सुळे तुटलेले होते, हे खरं. पण 1898 मधल्या, आजच्या केनियातल्या त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांपैकी एकाच्याच सुळ्याच्या मुळाशी मोठं गळू होतं. दुसऱ्याच्या दातांचं दुखणं त्या मानाने किरकोळ होतं, तरी माणसं दोघांनीही मारली. त्यामुळे दातावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय उसातला बिबट्या माणसांवर जगतो असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. उलट, पकडलेला बिबट्या पिंजऱ्याच्या गजांना चावून स्वतःचे सुळे मोडून घेऊ शकतो. म्हणून पिंजऱ्याभोवती गर्दी आणि आरडाओरडा करणं त्याला इजा करण्यासारखंच आहे. तुटलेल्या सुळ्यावर भूल देऊन उपचार करता येतात, पण त्यासाठी तो वेळेत तज्ज्ञांकडे पोचायला हवा.

आपल्या जनावराच्या चावण्यात, लाळेत किंवा वासात बदल दिसला, तर घरगुती कापाकापी न करता 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. मोठी शस्त्रक्रिया लागली, तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय मराठवाड्यातच आहे. उसात बिबट्या दिसला, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावावा. दुखतंय हे जनावर सांगू शकत नाही, म्हणून ते ओळखण्याची जबाबदारी ज्याच्या दावणीला ते बांधलेलं आहे, त्याचीच आहे.