बारा छायाचित्रांचे रीळ

ज्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने, १२० क्रमांकाच्या एका रिळात अवघी बारा चौरस छायाचित्रे देऊन, साताऱ्यातील माझ्या बालपणी प्रत्येक क्षणाचे मोल मनावर बिंबवले, तो आज सांगलीच्या घरी मोबाइलच्या चार्जरशेजारी असला, तरी माझी निष्ठा अद्यापि त्याच्याच ठायी आहे.

त्याच्या साध्या भिंगास निकटची वस्तू सुस्पष्ट टिपता येत नसे. म्हणून २०१२ साली पश्चिम घाटासमवेत जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावरील 'सीतेची आसवे' ही इवलीशी जांभळी फुले मला पुढे मॅक्रो भिंगानेच गवसली. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, परंतु भक्ष्य पकडणारे तिचे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत दडलेले असल्याने वरून घेतलेल्या छायाचित्रात ते कधीच उमटत नाहीत, हे मला आजही विलक्षण वाटते.

पावसाळ्यात मात्र भिंगावर बुरशी चढते. सबब कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवण्याची तजवीज अवश्य करावी. याच दक्षतेने जपलेली, सांगलीतील १९२९ सालच्या आयर्विन पुलाची माझी जुनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली, की खांबांवरील कृष्णेच्या पाण्याची रेषा अजूनही स्वच्छ दिसते.