जुन्या पिकअपचे इंजिन उघडण्याआधी वायरिंग तपासा
सकाळी जुनी डिझेल पिकअप सुरू झाली नाही, की सल्ला ठरलेला: ‘इंजिनचे काम काढा.’ खर्च मोठा. दोष मात्र अनेकदा वायरिंगमध्ये असतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा सुमारे २० पट दाबली गेल्याने ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यासाठी स्टार्टरने इंजिन वेगाने फिरवायला हवे. बॅटरीची अर्थिंगची वायर गंजली, की स्टार्टर मंद फिरतो, हवा पुरेशी तापत नाही आणि धडधाकट इंजिनही ‘बसले’ असे वाटते. हीटर प्लग जळाले, तरी थंडीत हेच.

इंजिन गरम झाल्यावरही निळसर धूर येतो, ऑइल सतत कमी होते? मग संशय खरा. तरीही आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. लायनर, पिस्टन, रिंगा घेण्यापूर्वी ब्लॉकची झीज मोजून आणा. ब्लॉकच बदलला, तर नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी असते. नोंद राहिली, तर गाडी तिथे अडते.

नवे वायरिंग टाकताना फ्यूजऐवजी तार गुंडाळू देऊ नका. शॉर्ट झाल्यावर ती वितळत नाही, वायरच पेटते.